डर्क नोवित्स्की: एका पायावरचा शॉट आणि एकाच संघातली २१ वर्षं

चौथा_क्वार्टर
बास्केटबॉलवर आपल्याकडे धागा निघाला की तो जॉर्डन, कोबी आणि लेब्रॉन या तीन स्टेशनांवर थांबून परत येतो. म्हणून हा डर्क नोवित्स्कीसाठी. (उच्चार 'नोवित्स्की'च. 'नोविट्झ्की' चालवून घेऊ.)

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९ जून १९७८, जर्मनीतलं वुर्झबुर्ग. आई राष्ट्रीय पातळीवर बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलवाले. आधी टेनिस आणि हँडबॉल, मग बास्केटबॉल. उंची २१३ सेंटिमीटर. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए या अमेरिकी लीगमधली नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) मिलवॉकीने नवव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच रात्री रॉबर्ट ट्रेलरच्या बदल्यात डॅलसला दिलं. सोबत आलेला पॅट गॅरिटी डॅलसने फिनिक्सला धाडून स्टीव्ह नॅश आणला. एका रात्रीत दोन भावी एमव्हीपी (मोसमाचे सर्वोत्तम खेळाडू)! तिथून २०१९ पर्यंत डर्क डॅलस मॅव्हरिक्समध्येच: २१ मोसम, १,५२२ सामने, ३१,५६० गुण. एकाच संघाकडून इतके मोसम खेळलेला दुसरा खेळाडू एनबीएत नाही. निवृत्तीच्या दिवशी सर्वकालीन गुणांच्या यादीत सहावा.

आकडे कुठेही मिळतील. माझा मुद्दा वेगळा आहे. उंच माणूस, लांबून शॉट मारायचा, उंचीमुळे कुणी अडवू शकलं नाही, असं त्याच्याबद्दल सरसकट बोललं जातं. ते अर्धंच खरं. २००७ पर्यंतचा डर्क अडवता येत होता आणि अडवलाही गेला. २०११ चा, डॅलस विजेता झाला तेव्हाचा डर्क अडवता आला नाही. उंची दोन्ही वर्षी तेवढीच होती. मधल्या चार वर्षांत काय बदललं त्यावर बोलू या.

परवलय
चांगला धागा. उंचीचा फायदा नेमका किती, ते मोजता येतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

रिंगचा आतला व्यास ४५.७ सेंमी, सात नंबरचा चेंडू साधारण २४ सेंमी. चेंडू तिरका खाली येतो तेव्हा त्याला रिंग गोल दिसत नाही, चपटी दिसते. दिसणारी रुंदी = ४५.७ × साइन (उतरण्याचा कोन). ३२ अंशांच्या खाली ही रुंदी चेंडूपेक्षाही कमी होते, म्हणजे कडेला न लागता चेंडू आत जाऊच शकत नाही. ४५ अंशांना ३२.३ सेंमी, ५५ अंशांना ३७.४ सेंमी.

आता फ्री थ्रोचं (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचं) अंतर घ्या. रेषेपासून रिंगच्या मध्यापर्यंत आडवं अंतर साधारण ४.२ मीटर, रिंग ३.०५ मीटरवर. हवेचा विरोध सोडून दिला तर:

टॅन (उतरण्याचा कोन) = टॅन (सोडण्याचा कोन) − २ × (चेंडूला चढायची उंची ÷ आडवं अंतर)

दोन खेळाडू, दोघेही ५२ अंशांत चेंडू सोडतात. एकाच्या हातून तो २.७ मीटरवर सुटतो, दुसऱ्याच्या २.१ मीटरवर. पहिल्याचा चेंडू ४८ अंशांत उतरतो, दुसऱ्याचा ३९.६ अंशांत. पहिल्याला रिंग ३४ सेंमी रुंद 'दिसते', दुसऱ्याला २९. त्यातून चेंडूचे २४ वजा करा: मोकळी जागा एकाला १० सेंमी, दुसऱ्याला ५. निम्मी! दुसऱ्याला तेवढीच जागा हवी तर त्याने ५७ अंशांच्या पुढे सोडायला हवा, म्हणजे जोर जास्त आणि चूक वाढायला वावही जास्त.

तेव्हा उंचीचा फायदा खोटा नाही. पण बास्केटबॉलमध्ये सात फुटी माणसं पुष्कळ होऊन गेली, आणि फ्री थ्रो ८७.९ टक्के मारणारी हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. उंचीने जागा मिळते, नेम मिळत नाही.

हूक_शॉट
+१. आणि हे गणित त्याच्या बाबतीत नुसतं नंतर लावलेलं नाही. होल्गर गेश्विंडनर, म्हणजे त्याचा गुरू, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या संघाचा कर्णधार. त्याने पोरगा सोळाएक वर्षांचा असताना हेरला आणि बांबेर्गजवळच्या राटेल्सडॉर्फ गावातल्या एका साध्या जिममध्ये शॉट अक्षरशः कागदावर मांडून बसवला. वजनं उचलायला लावायचा नाही. तलवारबाजीच्या पवित्र्यासारखं पायकाम, वल्हवणं, वर सॅक्सोफोन आणि पुस्तकं. स्वतःच्या या कारभाराला त्याने 'उपयोजित वात्रटपणाची संस्था' अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

आपल्याकडे असा कोच असता तर पालकांनी पहिल्याच महिन्यात फी परत मागितली असती.

वाचनमात्र
एक अडाणी प्रश्न. डर्कचा ठरलेला शॉट म्हणजे एका पायावर उडी मारून, मागे झुकत मारलेला. रोवलेला पाय उचलला तर स्टेप (चेंडू धरून चालल्याचा दोष) होत नाही का?

शिटी
@वाचनमात्र, प्रश्न अडाणी नाही. कोर्टवर दर आठवड्याला यावरून हुज्जत होते.

पिव्होट (म्हणजे रोवलेला) पाय उचलायला बंदी नाही. नियम इतकाच, की शॉट किंवा पाससाठी तो उचलला तर चेंडू हातातून सुटेपर्यंत तो परत जमिनीला टेकता कामा नये. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुरू करायचा असेल तर उलटं: पिव्होट उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. डर्क पिव्होट पायावरूनच उडतो आणि हवेत चेंडू सोडतो. स्वच्छ शॉट.

स्टेप कुठे होते ते सांगतो, कारण नक्कल करणारे तिथेच पकडले जातात:

चेंडू घेताना एक पाय आधी टेकला तर पिव्होट तोच. मग दुसऱ्या पायावरून शॉट मारायला गेलात आणि मधे पहिला पाय उचलून पुन्हा टेकवलात, शिटी. दोन्ही पाय एकदम टेकले तर पिव्होट कोणताही ठरवता येतो. म्हणून हा शॉट शिकणाऱ्याने पास नेहमी दोन्ही पायांवर एकदम उतरून घ्यावा. दुसरी जागा: वळताना तोल सावरायला पिव्होटची टाच-चवडा करत पाय सरकतो. खेळाडूला कळतही नाही. तीही स्टेपच.

गुडघ्याचं म्हणाल तर वर उचललेला गुडघा स्वतःच्या सरळ उभ्या जागेत आहे तोवर काही नाही. तो बचाव करणाऱ्याच्या अंगावर लाथेसारखा बाहेर आला तर फाउल शॉट मारणाऱ्याचा. २०२१ पासून एनबीएत अशा अनैसर्गिक हालचालींवर जास्तच कडक शिट्ट्या मारतात.

हूक_शॉट
आता मूळ मुद्द्यावर. @चौथा_क्वार्टर, २००७ चं खापर शॉटवर फोडणं मला पटत नाही. आधी काय झालं ते नीट मांडू.

२००६-०७: डॅलस ६७ विजय, १५ पराभव. डर्क एमव्हीपी, सरासरी २४.६. मैदानी शॉट ५०.२ टक्के, तीन गुणांचे ४१.६, फ्री थ्रो ९०.४, म्हणजे ५०-४०-९० चा मोसम. आणि प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित गोल्डन स्टेटकडून २-४ हार. सातपैकी चार जिंकण्याच्या पद्धतीत आठव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. सहाव्या सामन्यात डर्क: १३ पैकी २, गुण ८.

पण मोसमात डॅलस याच गोल्डन स्टेटशी तिन्ही सामने हरला होता! समोरचा कोच डॉन नेल्सन, ज्याने डर्कला डॅलसमध्ये आणून घडवला. त्याला याची प्रत्येक खोड पाठ. वर डॅलसच्या ॲव्हरी जॉन्सनने पहिल्याच सामन्यात आपले सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) बसवून ठेवले आणि समोरच्यासारखा बुटका संघ उतरवला. ६७ सामने ज्या पद्धतीने जिंकले ती प्रतिस्पर्ध्याला घाबरून सोडली. यात शॉटचा काय दोष?

चौथा_क्वार्टर
@हूक_शॉट, जॉन्सनबद्दल मान्य. पण मालिकेत डर्कची नेमबाजी ३८ टक्क्यांच्या आसपास होती, ती काही कोचने खाली आणली नाही. स्टीफन जॅक्सन त्याच्यावर होता, डर्कपेक्षा दहा सेंटिमीटरने बुटका. त्याने शॉट अडवायचा प्रयत्नच केला नाही, पाय अडवले. चेंडू हातात येण्याआधीच छातीला छाती, कंबर खाली. तोवरचा डर्क बहुतेकदा रिंगकडे तोंड करून, बाहेरून सुरुवात करायचा. पुढे जायचं तर ड्रिबल टाकायला हवा, आणि सात फुटी माणसाचा ड्रिबल उंच येतो. तो पडला की मागून दुसरा हात घालायला तयार. ड्रिबल बंद झाला की डर्क अडकला.

यावर तोड दोन भागांची होती. एक, चेंडू घ्यायची जागा बदलली: कडेऐवजी फ्री थ्रो रेषेचा मधला भाग आणि तिचे दोन्ही कोपरे. दोन, बहुतेक वेळा शून्य किंवा एक ड्रिबल. तोंड फिरवायचं, खांदा दाखवायचा आणि एका पायावर मागे. तो शॉट त्याच्याकडे आधीही होता, पण भाजीतल्या कोथिंबिरीसारखा. नंतर तीच भाजी झाली.

जागेबद्दल दोन वाक्यं अजून. कडेला चेंडू घेतला की बाहेरची रेषाच बचावाचा सहावा खेळाडू होते, आणि मदतीचा माणूस पाठीमागच्या बाजूने, न दिसता येतो. मध्यात घेतला की चारही सहकारी एका पासवर असतात. मदत कुठूनही आली तरी ती नजरेसमोरून येते, आणि जो सोडून आला त्याचा माणूस मोकळा आहे हे लगेच कळतं. २०११ मध्ये मोकळे सुटणारे कोण? जेसन टेरी, जेसन किड, पेजा स्टोयाकोविच. लेकर्सला ४-० धुतलं त्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात डॅलसने तीन गुणांचे २० शॉट टाकले, त्यातले ९ टेरीचे. डर्कला दोघांनी घेरण्याची किंमत ती.

पिव्होट
हा शॉट शिकवताना जे नेहमी चुकतं ते लिहितो. उजव्या हाताचा खेळाडू धरतो: डावा पाय रोवायचा, उजवा गुडघा वर. (डावखुऱ्यांनी आरसा धरावा.)

पहिला टप्पा, उडी नाही. रिंगपासून २ मीटर, डाव्या पायावर उभं राहायचं, उजवी मांडी जमिनीला समांतर, चेंडू कपाळासमोर. तीन सेकंद स्थिर, मग नुसत्या हाताने शॉट. १० चे ५ सेट. डगमगत असाल तर दोष पोटाच्या स्नायूंत आणि पार्श्वभागात आहे, हातात नाही. ते दोन आठवडे सुधारा, मग पुढे.

दुसरा टप्पा, सरळ वर उडी, मागे नाही. १० पैकी ७ पडले की अर्धा मीटर मागे. ४ मीटरपर्यंत न्या.

तिसरा टप्पा, पाठ रिंगकडे. दोन्ही पायांवर उतरून पास घ्या (वर शिटी यांनी कारण दिलंय), डावा पिव्होट करून डाव्या खांद्यावरून वळा. उजवा पाय फिरत येईल तो जमिनीला न टेकवता थेट वर. वळणं आणि गुडघा वर जाणं ही एकच हालचाल आहे. दोन तुकडे केलेत की मधल्या वेळात बचाववाला पोचतो.

चौथा टप्पा, झुकणं. कमरेतून नाही, घोट्यातून. खांदा, कंबर, घोटा एका रेषेत, जशी शिडी भिंतीकडे कलंडते तसं. उतराल ते निघालात तिथून २०-३० सेंमी मागे, त्याच डाव्या पायावर, लगेच उजवा टेकवून. अर्धा मीटर मागे जाणाऱ्याला वाटतं जास्त सुरक्षित शॉट मारला. प्रत्यक्षात त्याने स्वतःचाच शॉट अवघड केलेला असतो.

चुका ओळखायच्या खुणा:
चेंडू पुढच्या कडेला आपटतो: मागे जाण्याची भरपाई केली नाही. पोटरीतून जोर आला नाही.
चेंडू डावी-उजवीकडे: गुडघा आडवा फिरला, त्याने कंबर फिरवली, कंबरेने खांदे. गुडघा रिंगकडे रोखलेला हवा.
सपाट शॉट: झुकताना कोपर खाली आलं. कोपर डोळ्याच्या वर संपलं पाहिजे.

गुडघ्याने उंच उडता येतं असा गैरसमज आहे. एका पायावरच्या संथ उडीत त्याचा हातभार थोडाच. त्याची खरी कामं दोन: मागे कललेल्या धडाला पुढून तोलणं, आणि बचाववाल्याला एक हात लांब ठेवणं. बुटक्या, चिकट बचाववाल्याने जवळ यायचं ठरवलं तरी तिथे आता पाय आहे. २००७ च्या कुलपाची किल्ली हीच.

परवलय
पुढच्या कडेच्या चुकीला आकडा देतो. वरच्या उदाहरणात (४.२ मीटर, ५२ अंश) चेंडू हवेत साधारण एक सेकंद असतो. म्हणजे तुम्ही सेकंदाला अर्धा मीटर वेगाने मागे जात असाल आणि हाताने नेहमीचाच जोर लावलात, तर चेंडू रिंगच्या उंचीवर परततो तेव्हा अर्धा मीटर मागे असतो. कडेलाही लागणार नाही, एअरबॉल. म्हणूनच पिव्होट म्हणतात ते २०-३० सेंमीचं बंधन महत्त्वाचं.

वाचनमात्र
आता कळलं. एवढं करून त्याला 'सॉफ्ट' का म्हणायचे?

हूक_शॉट
कारण २००६. मायामीविरुद्ध अंतिम फेरीत डॅलस २-० पुढे होता, तिसऱ्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये १३ गुणांची आघाडी होती. तो सामना गेला आणि पुढचे तीनही गेले. तिसऱ्यात शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधायची दोन फ्री थ्रो होती, डर्कने एक चुकवलं. मग पुढचं वर्ष गोल्डन स्टेट. युरोपातून आलेला, डीमध्ये (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात) धक्काबुक्की न करणारा मोठा माणूस म्हणजे मऊ, हा शिक्का तयारच होता. त्याच २००६ च्या प्लेऑफमध्ये त्याने सॅन अँटोनियोविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी आत घुसून बास्केट आणि फाउल मिळवला, सामना ओव्हरटाइममध्ये नेऊन जिंकला, आणि फिनिक्सविरुद्ध एका सामन्यात ५० गुण केले. हे कुणी आठवत नाही.

राखीव_बाकडं
२००६ ची अंतिम फेरी डॅलस हरला नाही, पंचांनी घालवली. मायामीच्या ड्वेन वेडला सहा सामन्यांत ९७ फ्री थ्रो! तेवढं म्हणून गप्प बसतो.

शिटी
@राखीव_बाकडं, ९७ हा आकडा खरा आहे आणि काही शिट्ट्या हलक्या होत्या हेही खरं. पण वेड त्या मालिकेत सतत रिंगवर धावून जात होता आणि डॅलसकडे त्याला डीच्या बाहेर थोपवणारा माणूस नव्हता. सतत आत जाणाऱ्याला फ्री थ्रो मिळतात, बाहेरून शॉट मारणाऱ्याला मिळत नाहीत. पाच वर्षांनी हाच हिशोब डर्कने उलटा वापरला: अंतिम फेरीत ४६ पैकी ४५ फ्री थ्रो.

चौथा_क्वार्टर
त्याच्या थोडं आधी, पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला पहिला सामना, ओक्लाहोमा सिटी. मैदानातून १५ पैकी १२, फ्री थ्रो २४ पैकी २४, एकूण ४८. प्लेऑफच्या सामन्यात एकही न चुकवता २४ हा विक्रम. तो सामना पुन्हा बघणाऱ्यांनी शॉटकडे नको, त्याआधीच्या दीड सेकंदाकडे बघावं. चेंडू मिळताच तो लगेच काही करत नाही. अर्ध्या वळणावर थांबतो, चेंडू उजव्या कुल्ल्यापाशी, नजर रिंगवर. अंगावरच्या माणसाला दोनच पर्याय उरतात. हवेत उडाला तर फाउल, नाही उडाला तर शॉट. इबाका, कॉलिसन, सेफोलोशा, सगळ्यांना आलटून पालटून लावलं आणि सगळे त्याच कोड्यात अडकले.

अंतिम फेरी परत मायामीशीच. पहिल्या सामन्यात डाव्या हाताच्या मधल्या बोटाची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटली. डावा म्हणजे त्याचा आधाराचा हात, त्यामुळे शॉट वाचला. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना डॅलस १५ ने मागे, आणि शेवट ९५-९३. डॅलसचे शेवटचे ९ गुण डर्कचे, आणि विजयाचा लेअप (रिंगजवळ धावत जाऊन टाकलेला चेंडू) मायामीच्या बॉशला मागे टाकून त्याच पट्टी लावलेल्या डाव्या हाताने. चौथा सामना ताप अंगात घेऊन. सहाव्यात पहिल्या हाफमध्ये १२ पैकी १! टेरीने २७ मारून संघ तरवला, डर्कने चौथ्या क्वार्टरमध्ये उरलेलं काम केलं. १०५-९५, मालिका ४-२, अंतिम फेरीचा एमव्हीपी. मालिका हातात आणून देणारा तिसरा माणूस टायसन चँडलर. मागे असा सेंटर उभा असला की मोठा खेळाडू डी सोडून बाहेर फिरू शकतो. आधीची दहा वर्षं डॅलसला तो सापडला नव्हता.

सीए_बेंचवर
मग त्याच चँडलरला लगेच सोडलं कसं, हा प्रश्न येणारच. म्हणून पगाराचं.

एनबीएत संघाच्या एकूण पगारावर कॅप (मर्यादा) असते. दहा किंवा अधिक वर्षं खेळलेला एकटा खेळाडू तिच्या साधारण ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०११ च्या टाळेबंदीनंतर (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती) नव्या करारात जास्त खर्च करणाऱ्या संघांवरचा कर कडक होणार होता. डॅलसने जागा मोकळी ठेवायचं ठरवलं, चँडलर न्यूयॉर्कला गेला. मोकळ्या जागेत मोठा मासा काही आला नाही. २०११ नंतर डर्क असेपर्यंत डॅलसने प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही.

आता डर्कचे करार. २०१० मध्ये ४ वर्षांचे ८ कोटी डॉलर, मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा कमी. २०१४ मध्ये लेकर्स आणि ह्यूस्टन कमाल पगार द्यायला तयार असताना डॅलसशी ३ वर्षांचे अडीच कोटी. त्या मोसमाची कॅप ६ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. कमाल पगार घेतला असता तर कॅपचा तिसरा हिस्सा एकट्यात गेला असता, त्याने पहिल्या वर्षी सुमारे ८० लाख घेतले. वाचलेल्या जागेतून चँडलर पार्सन्सला ३ वर्षांचे ४ कोटी ६० लाख. पार्सन्सचे गुडघे गेले, दोन वर्षांत तोही गेला. २०१६ मध्ये क्लबने डर्कला वर्षाला अडीच कोटींचा करार देऊन जुनं देणं फेडलं म्हणा, आणि २०१७ मध्ये संघाने दुसऱ्या वर्षाचा पर्याय सोडून दिला, त्याने पुन्हा कमी, वर्षाला ५० लाख घेतले.

निष्ठा वगैरे ठीक. पण एक हिशोब कुणी मांडत नाही. कमी पगार घेऊन खेळाडू फक्त जागा देतो. ती जागा कशी भरायची हे ऑफिसचं काम, आणि डॅलसच्या ऑफिसने ते नीट केलं नाही.

हूक_शॉट
@सीए_बेंचवर, हे मात्र शंभर टक्के. सर्वांत महाग गोष्ट स्वस्तात मिळाली आणि उरलेल्या पैशांत फुगे आणले.

प्लेनोकर
डॅलसमधल्या वाचकांसाठी: पुतळा अमेरिकन एअरलाइन्स सेंटरच्या बाहेर आहे, २५ डिसेंबर २०२२ ला उघडला. एका पायावरचा फेडअवेच (मागे झुकत मारलेला शॉट), उजवा गुडघा वर. खाली कोरलेल्या ओळीत 'फेड' शब्दावर कोटी आहे. ४१ नंबरची जर्सी ५ जानेवारी २०२२ ला निवृत्त केली. (४१ का? त्याचा मूळ नंबर १४, तो डॅलसमध्ये दुसऱ्याकडे होता. उलटा करून घेतला.) हॉल ऑफ फेम २०२३ मध्ये, वेड त्याच वर्गात!

भारताशी धागा जोडायचा तर हाच संघ. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर पंजाबमधल्या बल्लो के गावच्या सतनामसिंगला डॅलसने निवडलं, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये आलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तो डॅलसच्या दुय्यम संघाकडून खेळला. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.

वाचनमात्र
शेवटचा प्रश्न. एका पायावर इतकी वर्षं उतरून त्या पायाचं काय झालं?

पिव्होट
डावा घोटा गेला. एप्रिल २०१८ मध्ये शस्त्रक्रिया करून हाडाचे वाढलेले भाग काढले, २०१८-१९ चे पहिले २६ सामने बाहेर, मोसमात सरासरी ७.३. तरी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात, ९ एप्रिल २०१९ ला, ३० गुण. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोत शेवटचा सामना, २० गुण आणि १० रिबाउंड. सगळा दोष या शॉटचा म्हणणं चूक, २१ मोसम कुणाचाही घोटा खातात. पण भार एकाच पायावर येतो हे खरं.

राखीव_बाकडं
मग १३ वर्षांच्या मुलांना शिकवायचा की नाही? आमच्या इथल्या शिबिरात सगळ्यांना तोच हवाय. कोर्ट सिमेंटचं, उघडं.

पिव्होट
१३ व्या वर्षी नाही. आधी दोन्ही पायांवरचा सरळ शॉट फ्री थ्रो रेषेवरून १० पैकी ६ जाऊ दे. तोवर वर लिहिलेला पहिला टप्पा, म्हणजे उडीशिवाय एका पायावर तोल, खुशाल करू दे. त्याने नुकसान नाही आणि पोरांना डर्क खेळल्याचं समाधान. चेंडू मुलांना सात नंबरचा देत असाल तर या वयात सहाचा द्या, जड चेंडूने कोपर खाली येतं.

मागे झुकणं १५-१६ नंतर, आठवड्यात तीन दिवस, एका दिवशी ५० पेक्षा जास्त नाही, आणि सिमेंटवर असेल तर ३० वर थांबा. तितकेच दुसऱ्या पायावरून साधे लेअप करून घ्या म्हणजे दोन्ही पाय सारखे राहतील. सकाळी दव पडलेलं असेल तेव्हा हा शॉट अजिबात नको. फरशी पुसली तरी चपलांनी पुन्हा माती येते आणि रोवलेला पाय सरकतो.